मधली जागा

गेल्या वर्षी भावाला मुलगी झाली आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अकरा दिवस नावाचं रणकंदन चाललं. एका बाजूला काका, मावश्या आणि एक निवृत्त मुख्याध्यापक मेहुणे. त्यांचं म्हणणं, मायरा, कियारा, अनायरा ही नावं नव्हेत, नुसते आवाज आहेत. आधी अर्थ सांगा, मग बोला. दुसऱ्या बाजूला भाऊ-वहिनी आणि त्यांच्या वयाचे सगळे. बाईंनी हाक मारली की वर्गातल्या चौघींनी माना वर करायच्या, असलं नाव आम्हाला नकोय, बस्स. मधूनच कुणीतरी पंचांगातली अक्षरं टाकायचं. (आर्द्रा नक्षत्रावर जन्मलेल्यांच्या वाट्याला कू, घ, ङ, छ येतात. ङ वरून नाव काढून दाखवणाऱ्याला माझ्याकडून पुरणपोळीचं जेवण.) मी मुलीची आत्या, म्हणजे बारशाला पाळण्याशी वाकून कानात नाव सांगायचं काम माझं. म्हणून मी सगळे मेसेज मन लावून वाचले. तीनशेच्या वर होते. त्यात मधल्या नावाबद्दल एकही नव्हता.

तो विषय निघाला वहिनी जन्मनोंदणीचा फॉर्म भरायला बसली तेव्हा. "आता माझंही नाव लावायचं असतं ना मध्ये?" एवढंच तिनं विचारलं. ग्रुप दोन तास गप्प. मग मेहुण्यांचा मेसेज आला, "ते शासकीय असते. भरून टाकावे."

माझं मत आधीच सांगून टाकते. मुलीचं नाव खुशाल अनवट ठेवा. त्यानं भाषा बुडत नाही आणि संस्कृतीही वाहून जात नाही. पण नाव जोडीनं निवडा. पहिलं नाव आणि त्याच्या मागे येणारं आईचं नाव, दोन्ही एकत्र उच्चारून, एकत्र तोलून. आणि ही जोडी तिच्या लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात मोडली जाणार नाही, हे बारशालाच ठरवा. आपण सगळा जोर पहिल्या नावावर खर्च करतो आणि उरलेलं नाव रूढीच्या हवाली करून मोकळे होतो. भांडायची जागाच चुकते आहे.

अर्थाचा आग्रह धरणाऱ्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. अबोली म्हटलं की एक रंग डोळ्यांसमोर येतो, कृष्णा म्हटलं की वाईचा घाट आठवतो. नावाला असं मागचं अंगण असावं लागतं. मोबाईलवरच्या याद्यांमधून उचललेल्या नावांना ते नसतं. त्या याद्या मी चाळल्या. प्रत्येक नावापुढे मूळ भाषा म्हणून कधी संस्कृत, कधी अरबी, कधी ग्रीक लिहिलेलं, आणि अर्थ मात्र फिरून फिरून 'राजकन्या', 'परी' नाहीतर 'देवाची देणगी'. जगातल्या सगळ्या भाषांना मुलींबद्दल एवढंच सुचत असेल यावर माझा विश्वास बसत नाही. शिवाय वेगळं नाव शोधायला निघालेले सगळेच एकाच यादीपाशी पोचतात, आणि बालवाडीत तीन मायरा शेजारीशेजारी बसतात, ती गंमत वेगळीच.

तरीही अर्थ हाच निकष लावायचा, तर आक्षेप घेणाऱ्या मावशीचं नाव वैशाली आहे. तिच्या आजीचं बायजा. वैशाली हे लिच्छवींच्या राजधानीचं नाव, आजच्या बिहारमधलं. बायजाबाईंना कुणी विचारलं असतं, की पोरीला गावाचं नाव कशाला ठेवता, तर त्या काय म्हणाल्या असत्या? ठकू, चिमा, काशी, गोदा या पिढीनंतर कुसुम, मालती, शकुंतला आल्या तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांनी तोंडं वाकडी केलीच असणार. मालती तर थेट भवभूतीच्या नाटकातून उतरलेली. मग सुनंदा, उषा, मंगला. मग स्वाती, मनीषा, वैशाली. आज ज्यांना आपण नेहमीची नावं म्हणतो त्यातलं प्रत्येक कधीतरी कुणाच्या तरी कानाला खटकलेलं आहे. आणि सई? शिवरायांच्या राणीचं नाव मधली कित्येक वर्षं फारसं कुणी ठेवत नव्हतं. आता दर दुसऱ्या सोसायटीत एक सई सायकल चालवते.

मेहुण्यांनी ग्रुपवर मनुस्मृतीचा श्लोकही टाकला होता. मुलीचं नाव सुखानं उच्चारता येणारं, क्रूर नसलेलं, स्पष्ट अर्थाचं, मनोहर, मंगल, शेवटी दीर्घ स्वर असलेलं आणि आशीर्वाद देणारं असावं, असं दुसऱ्या अध्यायात आहे खरं. गंमत अशी, की 'स्पष्ट अर्थ' आणि 'आशीर्वाद' एवढे दोन सोडले तर बाकीच्या पेपरांत अनायरा पहिल्या वर्गात पास होते. पण त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्राचं, झाडाचं, नदीचं किंवा डोंगराचं नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये असंही सांगितलं आहे. मग महाराष्ट्रानं काय केलं? गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, भीमा, तापी, इंद्रायणी, पाणलोटाचा अख्खा नकाशा पाळण्यात घातला आणि सगळ्यांची लग्नंही लावली. मराठी आयांनी स्मृती किती मनावर घेतली ते यातच दिसतं. (नद्यांचा विषय निघालाच आहे तर सांगते, नीरा, प्रवरा, वेण्णा, पवना, दारणा ही नावं अजून जवळपास कोरी पडून आहेत. मुळा आणि मुठा मात्र पुण्यालाच राहू द्याव्यात.)

त्याच दुसऱ्या अध्यायात आणखी एक श्लोक आहे, तो मेहुण्यांनी टाकला नाही. ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बलयुक्त, वैश्याचं धनयुक्त आणि शूद्राचं जुगुप्सित असावं, असं त्यात म्हटलं आहे. जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असं. हे वाचल्यावर 'परंपरेतलं नाव' हा शब्द तितका निरागस राहत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर वस्त्यावस्त्यांतून सुजाता, यशोधरा, गौतमी, संघमित्रा, विशाखा, आम्रपाली जन्माला आल्या. ज्या घरात आजीचं नाव कचराबाई होतं त्या घरात नातीचं नाव संघमित्रा. त्या गावात, त्या काळात यापेक्षा अनवट नाव कुठलं असणार होतं? ते ठेवणाऱ्या बापाला 'हे काय नवीन फॅड' असं विचारणारेही भेटले असतील. त्या नावांना अर्थ होता, आणि रूढ नसण्यातही अर्थ होता.

२०११ साली सातारा जिल्ह्यात जे झालं तेही आठवून पाहावं. मुलगा हवा असताना झालेल्या मुलींना नकुशा, नकोशी अशी नावं ठेवलेली होती. अशा २८५ मुलींचा शोध घेऊन जिल्हा प्रशासनानं समारंभानं त्यांचं नामांतर केलं. नवी नावं निवडताना काही मुलींनी चक्क सिनेतारकांची नावं घेतली. आता सांगा, जन्मभर 'नको' या हाकेला ओ देत आलेल्या मुलीनं ऐश्वर्या व्हायचं ठरवलं, तर तिला मूळ धातू आणि प्रत्यय विचारायला कोण जाणार? 'नकुशा' शंभर टक्के मराठी होतं. अर्थ स्वच्छ होता. भाषेच्या अंगणातलंच होतं.

ग्रुपवर एकानं असंही सुचवलं की सरकारनं मान्य नावांची यादीच काढावी. आइसलँडमध्ये तसं आहे. तिथे मंद झुळूक अशा अर्थाचं एक नाव पुरुषी आहे म्हणून मुलीला नाकारलं गेलं, आणि २०१३ साली कोर्टानं तिच्या बाजूनं निकाल देईपर्यंत सरकारी कागदांवर तिचं नाव नुसतं 'मुलगी' असं होतं. पंधरा वर्षांची झाली होती ती तोवर. आपल्याकडे निदान एवढं बरं आहे, की जन्म नोंदवताना नाव दिलंच पाहिजे असं नसतं. बारा महिन्यांत केव्हाही विनाशुल्क नाव घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. तेव्हा अकरा दिवसांत भांडण मिटवायची घाई आम्हाला का झाली होती, देव जाणे.

एक आक्षेप मात्र मला खरोखर पटतो. अनवट नावाचं ओझं आईबाप उचलत नाहीत, मूल उचलतं. आणि ते ओझं अर्थापेक्षा लिपीचं असतं. प्रज्ञा हे काही दुर्मिळ नाव नाही, पण मराठी प्रज्ञाच्या स्पेलिंगमध्ये डी, एन, वाय येतात, नागपूरच्या पुढे गेलं की तिची प्रग्या होते, आणि बंगळुरूच्या ऑफिसात ती 'प्रॅड्निया' म्हणून हाक ऐकते. सई आणि साई रोमन लिपीत एकच, त्यामुळे सईला आयुष्यभर 'मिस्टर' म्हणून पत्रं येतात. बकुळेचा ळ मुंबई सेंट्रल ओलांडत नाही. ऋजुता रु की रि, यावर दोन राज्यांत एकमत नाही. तेव्हा नाव निवडताना ते एकदा इंग्रजीत लिहून एखाद्या परक्या माणसाला वाचायला द्यावं, हा सल्ला मी भावाला दिला आणि त्यानं तो ऐकला. त्यात दोन उमेदवार गळाले. कासच्या पठारावर आभाळी आणि नभाळी नावाची रानफुलं असतात. दोन्ही नावं मला फार आवडली होती. दोन्ही या परीक्षेत नापास झाली. हळहळ अजून आहे.

आता मधल्या जागेकडे येते. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं, की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव शासकीय कागदपत्रांत स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव अशा क्रमानं लिहायचं. त्यावरही वाद झाला, पण कसला? नाव लांबलचक होतं. फॉर्ममधले चौकोन पुरत नाहीत. बापाला तिसऱ्या नंबरवर ढकललं. ज्या समाजानं पत्रिकेवर 'चि. सौ. कां.' पासून 'श्रीमंत सरदार' पर्यंत सगळं मावून दाखवलं, त्याला तीन अक्षरांची आई अडचणीची व्हावी याचं मला नवल वाटतं. आणि बापाचं म्हणाल तर तो कुठे गेलेला नाही. तिसरा नंबर म्हणजे हद्दपारी असेल, तर इतकी वर्षं दहावीच्या गुणपत्रिकेवर वेगळ्या ओळीत बसवलेली आई कोणत्या नंबरवर होती?

याच्यापेक्षा अवघड प्रश्न माझ्या एका मैत्रिणीनं विचारला. ती म्हणाली, आईचं नाव तरी आईचं असतं का? तिचं आडनाव तिच्या बापाचं किंवा नवऱ्याचं. पुष्कळदा तिचं पहिलं नावसुद्धा सासरनं ठेवलेलं. मग तिला मध्ये बसवून साधलं काय? याला उडवाउडवीचं उत्तर देता येत नाही, कारण इतिहास तिच्याच बाजूनं साक्ष देतो. आईचं नाव लावण्याची परंपरा म्हणून आपण अभिमानानं सातवाहनांकडे बोट दाखवतो. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आहे, नातवाच्या राजवटीच्या एकोणिसाव्या वर्षातला. लेख तिचा, लेणं तिनं दिलेलं. पण मुलानं लावलेलं 'गौतमी' हे तिचं नाव नव्हे, ते गोत्रावरून आलं. तिचं स्वतःचं नाव बलश्री, आणि ते मुलाच्या नावात कुठेच नाही. राजमाता आत आली ती सुद्धा आपल्या बापाच्या घराण्याची पाटी गळ्यात घालून.

अभंगांच्या शेवटी नाव गुंफण्याची रीत घ्या. मुक्ताई स्वतःच्या नावानं बोलते. जनाबाई 'नामयाची जनी' म्हणून सही करते. नामदेव पुढे, पण जनी आहे. सोयराबाई तर 'चोखियाची महारी' म्हणते. नवरा आहे, जात आहे, सोयरा नाही. इतकी मोठी कवयित्री, आणि सहीत स्वतःच्या नावाला जागा ठेवली नाही. भक्तीतली लीनता म्हणून ते समजून घेता येतं, घेतलंही पाहिजे. पण चोखोबांच्या अभंगाखाली 'सोयरेचा चोखा' अशी सही का येत नाही?

मैत्रिणीच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच, की म्हणूनच आईचं नाव आत्ता, या पिढीपासून तिचंच ठेवायला हवं. आजची आई मध्ये बसली तर उद्याच्या मुलीच्या नावात निदान एक जिवंत बाई असेल, गोत्र नसेल. पण इथेच त्या सरकारी निर्णयात एक फट आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. विवाहित स्त्रीच्या बाबतीत तिचं नाव, पतीचं नाव आणि आडनाव ही चालत आलेली पद्धत तशीच ठेवली आहे. म्हणजे २०२४ ला जन्मलेल्या मुलीच्या नावात आई शिरते, आणि २०५० च्या सुमारास, रूढीप्रमाणे गेलं तर, आई आणि बाप दोघेही हात धरून बाहेर पडतात. नाव बदललंच पाहिजे अशी सक्ती कायद्यात कुठेही नाही. पण ग्रुपवरच्या त्या तीनशे मेसेजमधलं नाव टिकणार किती दिवस, असा प्रश्न तिथे कुणाला पडला नव्हता.

आपल्याकडे तर पहिलं नावही टिकत नसे. कल्याणच्या यमुनेची लग्नानंतर आनंदीबाई जोशी झाली आणि १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाली ती आनंदीबाई. कुर्लेकरांची यमुना रमाबाई रानडे झाली. कर्व्यांच्या घरी गोदूबाई आली आणि तिचीही आनंदीबाई झाली. झाशीच्या राणीचं माहेरचं नाव मनकर्णिका, लक्ष्मीबाई टिळकांचंही मनकर्णिका. दोघी सासरी लक्ष्मीबाई. दोन यमुना दोन दिशांना गेल्या, दोन मनकर्णिका एकाच नावात विरल्या. या बायकांनी नव्या नावांना मोठं केलं हे मान्य. त्यातल्या कुणाला ते नाव मनापासून आवडलंही असेल. पण विचारलं होतं का कुणी? पंडिता रमाबाईंनी मात्र लग्नानंतरही रमाबाईच राहून १८८१ साली झालेल्या मुलीचं नाव मनोरमा ठेवलं. मनात ठेवून केलं की सहज झालं कोण जाणे, पण 'मनोरमा'त रमा आहे. मधली जागा नसली तर आई अशीही आत येऊ शकते.

हे सगळं जुनं झालं, आता कोण नाव बदलतं, असं म्हणणाऱ्यांना मी माझ्या आत्याकडे घेऊन जाईन. तिचं माहेरचं नाव वेणू. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं 'शुभांगी' लिहिलं, मी तेव्हा पाच वर्षांची, ताटाला धक्का लावून ग ची वेलांटी मोडल्याबद्दल फटका खाल्लेला मला आठवतो. पन्नास वर्षांत तिच्या स्वयंपाकघरातली सगळी भांडी सौ. शुभांगीच्या नावाची झाली. फक्त एका पितळी फुलपात्रावर 'कु. वेणू' आहे, ठोक्याच्या अक्षरात, इयत्ता चौथीतल्या हळदीकुंकवाचं. माझ्या आजोबांची जमीन वाटायची वेळ आली तेव्हा सातबारावर वारस म्हणून वेणू, आधारवर शुभांगी. मधलं नाव वेगळं, आडनाव वेगळं, पहिलंही वेगळं. तिन्ही खांब पाडल्यावर त्या दोघी एकच बाई आहेत हे सिद्ध करायला तिला प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला, सरपंचाचं पत्र आणि चौदा हेलपाटे लागले. चौथ्या हेलपाट्याला एका कर्मचाऱ्यानं तिला सुचवलं, की एवढा त्रास कशाला घेता आजी, हक्कसोड करून टाका ना भावाच्या नावे.

महाराष्ट्रानं १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीनं हक्क दिला, केंद्राच्या अकरा वर्षं आधी. हक्क कागदावर येतो, आणि कागदावर बाई नावानं ओळखली जाते. म्हणून नावाचा प्रश्न मला हौसेचा वाटत नाही. मुलीचं नाव दुर्मिळ असेल तर फायदाच आहे. सातबारावर, पदवीवर, बँकेत एकच ठसठशीत नाव. पण तो फायदा नाव सलग राहिलं तरच.

राहता राहिली जुळवणी. आईचं नाव मध्ये आलं की पहिलं नाव निवडायची रीत बदलते, आणि हा भाग मला सगळ्यात गोड वाटला. आईचं नाव स्वरानं सुरू होत असेल तर मुलीचं त्याच स्वरावर संपू नये. आर्या आणि आशा एकमेकींत विरघळून 'आर्याशा' होतात. दोन्ही दोनच अक्षरी असतील तर मीरा-नीरा असं बडबडगीत होतं. आईचं लांब असेल तर मुलीचं आखूड शोभतं, आईच्यात जोडाक्षर असेल तर मुलीचं मोकळं. कागदावर हे कळत नाही. गॅलरीत उभं राहून खालच्या मैदानात खेळणाऱ्या पोरीला हाक मारतोय असं समजून दोन्ही नावं मोठ्यानं म्हणायची. भाऊ आणि मी रात्री दहाला हे करत होतो, खालचा वॉचमन दोनदा वर बघून गेला. अमेरिकेत असलेली चुलत बहीण म्हणाली, आमच्याकडे मधली जागा कोरीच मिळते, हवं ते लिहा. तिनं तिथे नवऱ्याचं नाव टाकलं, आणि तिच्या मुलीला वर्गातल्या बाईंनी विचारलं, प्रकाश हे मुलीचंही नाव असतं का?

शेवटी जे नाव ठरलं ते यादीतलं नव्हतं, पंचांगातल्या अक्षराचंही नव्हतं. ते मी इथे लिहीत नाही. ती मोठी झाली की तिला विचारून लिहीन. बारशाला मी तिच्या कानात दोन नावं सांगितली, तिचं आणि वहिनीचं. मेहुण्यांनी ऐकलं, बोलले काही नाहीत, पेढा मात्र दोनदा घेतला.

भेट म्हणून तिला चांदीची वाटी घ्यायची होती, आत्याच्या फुलपात्रासारखं नाव घालून. दुकानदारानं मशीन सुरू करता करता विचारलं, "बाबांचं नाव?" म्हटलं, ते तिसरं. आधी तिचं, मग आईचं, मग बाबांचं. त्यानं वाटी फिरवून काठ मोजला. अक्षरं बारीक केली तरी आडनाव बसत नव्हतं.

"आडनाव राहिलं तर चालेल का?" तो म्हणाला.

म्हटलं, चालेल.